वेग विकत घेण्याआधी : घरातील इंटरनेटचा ताळेबंद

अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यात, गोदावरीच्या काठी वसलेले पुणतांबा हे गाव महाराष्ट्राला तीन कारणांनी परिचित आहे. चांगदेव महाराजांची समाधी येथे आहे. जून २०१७ मधील शेतकरी संपाची हाक येथूनच उठली. आणि दौंड–मनमाड लोहमार्गावरून शिर्डीकडे जाणारा फाटा याच स्थानकातून निघतो. अशा गावातील व्यापार पिढ्यान्‌पिढ्या एका ठरावीक चालीने चालत आला. पुढे दुकान, मागे घर, मध्ये चौक. गादीवर बसून रोजमेळ लिहायचा आणि दिवाळीला वही बदलायची. गेल्या दहा वर्षांत ही चाल मुळापासून बदलली.

एप्रिल २०१८ पासून ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात पाठवायचा तर ई-वे बिल सक्तीचे झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना दुसऱ्या व्यापाऱ्याला माल विकताना ई-इन्व्हॉइस काढणे भाग पडले. अनुदानित खताची विक्री आधारशी जोडलेल्या यंत्रावरूनच करावी लागते. भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सर्वांच्या गल्ल्यापुढे यूपीआयची चौकट उभी आहे. पूर्वी दिवा गेला तरी कंदिलाच्या उजेडात वही लिहिता येत असे. आता पडद्यावरील चकती फिरत राहिली की भरलेला ट्रक दारातच खोळंबतो, गिऱ्हाईक ताटकळते आणि हमालांची रोजी अंगावर पडते. इंटरनेट ही चैनीची वस्तू राहिली नाही. ती काट्याइतकीच व्यापाराची गरज झाली आहे.

त्यातही खरी परीक्षा सायंकाळी होते. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात आणि घरातील सारी माणसे एकाच वेळी मोकळी होतात. नातवंडांची शिकवणी संगणकावर, सुनेचे पुण्यातील माहेरी दृश्य संभाषण, चातुर्मास असेल तर आजींच्या भ्रमणध्वनीवर प्रवचनाचे ध्वनिमुद्रण, आणि दुकानात दिवसभराच्या बिलांची नोंद. नेमके याच वेळी सारे अडखळते. मग एकच उपाय सुचतो : कंपनीला सांगून योजना वाढवून घ्यावी, ५० चे १०० करावे. पैसे वाढतात, पुष्कळदा अडखळणे मात्र तसेच राहते. कारण अडचण बाहेरून येणाऱ्या प्रवाहात नसून घरातल्या वाटणीत असते.

बाहेरचे खाते, आतले खाते

कोणताही जाणता व्यापारी तोटा दिसला की आधी तो खरेदीत झाला की विक्रीत, हे पाहतो. इंटरनेटचेही तसेच आहे. कंपनीच्या केंद्रापासून घरातील पेटीपर्यंत येणारी फायबरची तार हे बाहेरचे खाते. त्या पेटीपासून भ्रमणध्वनी, संगणक आणि बिलाच्या यंत्रापर्यंतचा प्रवास हे आतले खाते. ही दोन खाती वेगळी केल्याशिवाय दोष सापडत नाही.

त्यासाठी प्रथम एककाचा घोटाळा दूर करावा. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि फाइलचे आकारमान मेगाबाइटमध्ये मोजले जाते. आठ बिटांचा एक बाइट होतो; म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट माल येतो. हे लक्षात न घेतल्यामुळे फसवणूक झाल्याची भावना अनेकांच्या मनात निष्कारण घर करते.

मोजणी करण्याची रीत सोपी आहे. एक संगणक राउटरला वायफायने नव्हे, तर तारेने जोडावा. घरातील इतर सर्व उपकरणे काही मिनिटे बंद ठेवावीत आणि वेग मोजणारे एखादे संकेतस्थळ उघडावे. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास असे तीन वेळा करून आकडे कागदावर उतरवावेत. त्यानंतर तोच प्रयोग वायफायवर, मागच्या खोलीत आणि माडीवर करावा. तारेवर ९० आणि मागच्या खोलीत ८ असा आकडा आला, तर बाहेरचे खाते चोख आहे. गळती घरात आहे. तारेवरही रात्रीच्या वेळी निम्माच वेग मिळत असेल, तर दोष बाहेरचा आहे आणि कंपनीकडे तक्रार करण्यास आधार आहे.

या मोजणीत एक आकडा विशेष बोलका असतो. योजना २०० ची आहे, पण तारेवरचा वेग दर वेळी ९४-९५ वर येऊन थांबतो, असे झाले तर मधली तार, तिचे टोक किंवा पेटीतील खाच १०० मेगाबिटची आहे असे समजावे. तांब्याच्या या तारेत आठ बारीक तारांच्या चार जोड्या असतात. हजार मेगाबिटसाठी चारही जोड्या लागतात. एखादी तुटली किंवा टोकाशी नीट बसली नाही, तर जोडणी निमूटपणे १०० वर उतरते. दोनशेचे पैसे भरून शंभर वापरणारी घरे अशीच तयार होतात. थोड्या खर्चात टोक बदलून मिळते, वाढीव योजनेचे पैसे मात्र दरमहा जात राहतात.

भिंती जाड, लहरी नाजूक

गोदाकाठच्या जुन्या घरांचे वैभव म्हणजे त्यांच्या भिंती. दगड, माती आणि चुना यांनी बांधलेल्या हात-दीड हात जाडीच्या भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात. परंतु वायफायच्या लहरींना त्या भारी पडतात. नव्या घरांतील काँक्रीटचा स्लॅब आणि त्यातील लोखंडी गजही तेच करतात.

वायफाय प्रामुख्याने दोन पट्ट्यांत चालते. एक २.४ गिगाहर्ट्‌झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्‌झचा. पहिल्या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्यातील पाच-सहा सेंटिमीटर. लांब लहर भिंत ओलांडून दूरवर जाते, पण तिचा वेग मर्यादित. आखूड लहर भरपूर माल वाहते, पण एक-दोन भिंतींत थकते. ही निवड घरातील प्रत्येक उपकरणासाठी वेगळी करता येते. राउटर ज्या खोलीत आहे तेथील संगणक आणि दूरदर्शन संच ५ च्या पट्ट्यावर ठेवावेत. चौकापलीकडील स्वयंपाकघरातील भ्रमणध्वनी आणि बिलाचे छोटे यंत्र २.४ वर असले तरी चालते. पुष्कळ राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देऊन निवड उपकरणावर सोपवतात. उपकरण चुकीची निवड करत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींना वेगवेगळी नावे द्यावीत.

राउटरची जागा ही सर्वांत स्वस्त सुधारणा. जोडणी करणारा मनुष्य तार जेथून आत येते तेथेच पेटी लावून जातो. बहुधा दाराशेजारी, मीटरच्या फळीखाली. तेथून अर्धा प्रवाह रस्त्यावर जातो. पेटी घराच्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, उघड्या जागी असावी. लोखंडी कपाट, तिजोरी, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्या आड ती कधीही ठेवू नये. धातू लहरींना परतवतो आणि पाणी त्यांना शोषून घेते. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच चालते, म्हणून तिच्याशेजारची जागा टाळावी. पेटी हलवताना फायबरची तार खिळ्याला गुंडाळू नये किंवा कोपऱ्यात काटकोनात दुमडू नये. काचेच्या त्या केसाएवढ्या तंतूतून प्रकाश धावतो आणि तीव्र वळणावर तो बाहेर सांडतो.

शेजाऱ्याची गर्दी

बाजारपेठेत घराला घर लागून असते आणि प्रत्येक घरात एक राउटर. २.४ च्या पट्ट्यात भारतात १३ चॅनल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकेका चॅनलचे अंतर ५ मेगाहर्ट्‌झ आणि प्रत्येकाला जागा मात्र सुमारे २० मेगाहर्ट्‌झची लागते. त्यामुळे एकमेकांना धक्का न लावता राहू शकणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. शेजारचे दोघे ६ वर असतील तर आपल्या राउटरने १ किंवा ११ वर जावे. भ्रमणध्वनीवरील वायफाय तपासणाऱ्या साध्या अॅपमधून कोण कोठे आहे ते दिसते. राउटर ‘ऑटो’वर ठेवला असेल तर कधी कधी तो ३ किंवा ८ सारखा मधला चॅनल निवडतो आणि दोन्हीकडची गर्दी ओढवून घेतो. या पट्ट्यात चॅनलची रुंदी २० वरच ठेवावी. ४० केल्यास कागदावर वेग दुप्पट दिसतो, पण दाट वस्तीत तंटाही दुप्पट होतो.

५ च्या पट्ट्यात जागा मुबलक आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झ विनापरवाना वापरासाठी खुले केले. तेथे ८० ची रुंदी निर्धास्तपणे ठेवता येते.

वायफायची आणखी एक गोम व्यापाऱ्याला चटकन पटेल. हवा एकच असल्याने एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते, बाकीचे थांबतात. गल्ल्यावर एखादे गिऱ्हाईक सुटी नाणी मोजत बसले तर त्याच्या मागची सारी रांग खोळंबते. दहा वर्षांपूर्वीचा एखादा जुना भ्रमणध्वनी किंवा कोपऱ्यातील क्षीण संकेतावर चालणारा कॅमेरा नेमके हेच करतो. तो थोडाच माल मागतो, पण त्यासाठी हवेतला वेळ फार घेतो. असे उपकरण तारेने जोडावे, राउटरच्या जवळ आणावे किंवा निवृत्त करावे.

पेढीला तार

जे उपकरण जागेवरून हलत नाही त्याला तार द्यावी, हा नियम सोन्याच्या मोलाचा आहे. दुकानातील बिलाचा संगणक, भिंतीवरचा दूरदर्शन संच, कॅमेऱ्यांची नोंद ठेवणारी पेटी ही तारेवर गेली की हवा भ्रमणध्वनींसाठी मोकळी होते. या तारेची मर्यादा १०० मीटर आहे. पुढच्या दुकानापासून मागच्या परड्यापर्यंतच्या कोणत्याही घराला ती पुरते. घराचे बांधकाम किंवा दुरुस्ती चालू असेल, तर विजेच्या नळीपासून वेगळी एक नळी या तारेसाठी भिंतीत टाकून घ्यावी.

माडीवर संकेत पोहोचत नाही म्हणून बाजारात मिळणारा ‘एक्स्टेंडर’ आणण्याची प्रथा आहे. त्याने संकेताच्या रेघा वाढतात, पण साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओने ऐकतो आणि त्यानेच पुढे सांगतो. त्यामुळे वेग सुमारे निम्मा होतो. त्यापेक्षा माडीवर तार नेऊन तेथे दुसरा राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ म्हणून लावणे श्रेयस्कर. हे करताना दुसऱ्या राउटरचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे ‘डीएचसीपी’, बंद करावे. एका घरात दोघे मुनीम एकाच वहीत स्वतंत्र क्रमांक घालू लागले तर जो गोंधळ होईल, तोच दोन राउटर पत्ते वाटू लागल्यावर होतो. मग दुकानातील छपाईयंत्र घरातील संगणकाला दिसत नाही आणि दोष कोणालाच सापडत नाही.

खरा खोळंबा रांगेचा

येथवरचे सारे करूनही सायंकाळी ई-वे बिल अडत असेल, तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ई-वे बिलाची माहिती अवघ्या काही किलोबाइटची असते. यूपीआयचा व्यवहार तर त्याहूनही लहान. जानेवारी २०२३ पासून भारतात ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यासाठी किमान वेग २ मेगाबिट ठरवला गेला आहे. तेवढ्यावरही ही कामे क्षणात व्हावीत. ती होत नसतील तर तुटवडा वेगाचा नाही. लहान पाकीट मोठ्या मालाच्या मागे रांगेत अडकले आहे.

पुणतांब्याच्या स्थानकावर हे सहज समजते. मनमाडकडून येणारी गाडी येथे मुख्य मार्ग सोडून शिर्डीकडे वळते. अशा जंक्शनमध्ये मार्ग मोकळा करून देणाऱ्याने लांबलचक मालगाडीला आधी सोडले, तर चार डब्यांची गाडी पाठीमागे उभी राहते. रूळ चांगले आहेत, इंजिनात दम आहे, तरी प्रवासी ताटकळतात. राउटर हे घरातले जंक्शनच आहे.

या रोगाचा शोधही एका घरातच लागला. जिम गेटीस हे अमेरिकी संगणक अभियंते २०१० साली घरातून मोठ्या फाइली पाठवत असताना बाकी सारे इंटरनेट बसून जाते, हे पाहून कारण शोधू लागले. राउटरमधील आणि मोडेममधील साठवणीची जागा अवाजवी मोठी आहे. तीत पाकिटे साचतात आणि उतरायला सेकंद-सेकंद लावतात, असे त्यांना आढळले. या दोषाला ‘बफरब्लोट’ हे नाव मिळाले. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर रांग छाटण्याची नवी पद्धत मांडली. याच जेकबसन यांनी १९८६ सालची एक घटना नोंदवून ठेवली आहे. कॅलिफोर्नियात सुमारे ४०० यार्डांवर असलेल्या दोन केंद्रांमधील वेग गर्दीमुळे सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला होता. तार तीच होती, अंतर तेच होते. शिस्त मोडली होती.

घरात ही शिस्त लावण्याचे साधन म्हणजे राउटरमधील ‘क्यूओएस’ किंवा ‘बँडविड्थ कंट्रोल’ हे पान. त्यात जोडणीचा एकूण वेग प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के लिहावा. दहा टक्के सोडून दिल्याचे वाईट वाटते, पण त्यामुळे रांग कंपनीच्या पेटीत न साचता आपल्या हाती राहते. मग बिलाच्या संगणकाला पहिला मान द्यावा आणि चित्रपट उतरवून घेणाऱ्या उपकरणाला शेवटचा.

रांग फुगवणारा सर्वांत मोठा गुन्हेगार पुष्कळदा माणूस नसतोच. तो कॅमेरा असतो. कॅमेऱ्याचे चित्रण घरातील पेटीतच साठत असेल तर इंटरनेटवर भार नाही. पण ते सतत कंपनीच्या दूरस्थ साठ्यात जात असेल, तर हिशेब असा होतो : एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट पाठवत राहिला, तर दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट, चार कॅमेऱ्यांचे ८६ आणि महिन्याचे अडीच हजारांहून अधिक. अनेक योजनांना मासिक वापराची मर्यादा असते. ती ओलांडली की वेग कोसळतो. महिनाअखेरीला इंटरनेट ‘आजारी’ पडते त्याचे रहस्य कित्येक घरांत येथे दडलेले असते. चित्रण स्थानिक पेटीत ठेवावे आणि फक्त हालचाल दिसली तरच बाहेर पाठवावे, अशी व्यवस्था करता येते. भ्रमणध्वनींतील छायाचित्रांची आपोआप होणारी प्रत रात्री बारानंतर ठेवली, तर लग्नसराईतही दुकानाचे काम सुरळीत चालते.

अर्धसत्य उपाय

समाजमाध्यमांतून फिरणाऱ्या युक्त्यांपैकी दोन वारंवार ऐकू येतात. पहिली ‘डीएनएस’ बदलण्याची. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी ही निर्देशिका आहे. कंपनीची निर्देशिका मंद असेल तर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हे पर्याय घातल्याने पान उघडण्याची सुरुवात लवकर होते. पुढचा माल मात्र त्याच वेगाने येतो. दूरध्वनी क्रमांक लवकर सापडला म्हणून संभाषण लवकर संपत नाही, तसेच हे.

दुसरी ‘एमटीयू’ची. एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट भरावे हा तो आकडा; सर्वसाधारणपणे १५००. ज्या जोडणीत वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड टाकावा लागतो, तेथे आठ बाइट त्या व्यवस्थेत खर्च होतात आणि आकडा १४९२ राहतो. तो चुकला तर काही संकेतस्थळे उघडतात, काही अर्धवट लटकतात. असे लक्षण दिसले तरच तेथे हात लावावा. एरवी त्याला स्पर्श करण्याचे कारण नाही.

आणि काही वेळा दोष आपला नसतो, कंपनीचाही नसतो. दरमहा ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रे भरण्याची मुदत संपते. त्या दिवशी देशभरातील व्यापारी एकाच दारात उभे असतात. राउटर बदलून ती गर्दी हटत नाही. आठ तारखेला काम उरकून मात्र ती टळते.

वेगाइतकेच कुलूप

सेटिंगचे पान उघडलेच आहे, तर आणखी पाच मिनिटे तेथे थांबावे. राउटरच्या तळाशी छापलेला मूळ पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीवरच ठेवणे. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरूनच. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याच बळावर अमेरिकेतील एका मोठ्या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक नामांकित संकेतस्थळे तासन्‌तास बंद पडली. ज्यांच्या घरातील उपकरणे त्यात वापरली गेली, त्यांना जाणवला असेल तो फक्त मंदावलेला वेग.

म्हणून सेटिंगच्या पानाचा आणि वायफायचा असे दोन्ही पासवर्ड बदलावेत आणि ते वेगवेगळे असावेत. सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा ‘डब्ल्यूपीए-३’ ठेवावा. कळ दाबून जोडणी देणारी ‘डब्ल्यूपीएस’ सोय आणि बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद करावी. राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे. गिऱ्हाईक, पाहुणे आणि कॅमेरे यांच्यासाठी ‘गेस्ट’ जाळे वेगळे करावे; ओसरीवर बसणाऱ्यास पाणी द्यावे, पण वह्यांच्या खोलीची कडी उघडी ठेवू नये, ही जुनी रीत येथेही लागू आहे. व्यापाराचे बँक खाते ज्या जाळ्यावर उघडते त्या जाळ्यावर शेजारच्या मुलांचे खेळ चालू नयेत.

एक पथ्य विजेचे. फायबरची पेटी आणि राउटर ही दोन्ही बहुधा १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांना वीज फार थोडी लागते. त्यांच्यासाठी मिळणारा छोटा बॅटरी-संच बसवला तर भारनियमनातही यूपीआयचे यंत्र मुके होत नाही.

क्रम आणि तक्रार

हे सारे एका रविवारी सकाळी होण्यासारखे आहे, मात्र क्रम पाळला पाहिजे. प्रथम मोजणी, मग पेटीची जागा, मग पट्टा आणि चॅनल, मग न हलणाऱ्या उपकरणांना तार, मग रांगेची शिस्त, शेवटी कुलूप. प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजावे आणि एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर गुण कोणाला द्यायचा आणि दोष कोणाच्या माथी मारायचा, हे कळत नाही. बदलापूर्वी जुन्या सेटिंगच्या पानाचे छायाचित्र घेऊन ठेवावे. घरातील दहावी-बारावीच्या मुलांना हे काम सोपवावे आणि वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून आकडे वहीत लिहावेत. मुलांना यंत्राची जाण असते, वडिलांना हिशेबाची. या कामाला दोन्ही लागतात.

मोजणीत दोष बाहेरचा निघाला तर ही वहीच पुरावा ठरते. फायबरच्या पेटीवर ‘लॉस’चा तांबडा दिवा लागला तर तंतू तुटला आहे किंवा टोक निसटले आहे. दिवा हिरवा असूनही वेग पडत असेल, तर तंत्रज्ञाला प्रकाशाची शक्ती मोजून दाखवण्यास सांगावे. ती साधारण उणे २७ डीबीएमच्या खाली गेली असेल तर मार्गात कोठेतरी सांधा खराब आहे. तोंडी बोलण्यावर थांबू नये. कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तक्रार क्रमांक मागून घ्यावा, तारीख-वेळेसह आकडे द्यावेत. तेथे निरसन झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागण्याची तरतूद ‘ट्राय’च्या २०१२ सालच्या नियमावलीत आहे. त्याशिवाय राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवेचा १९१५ हा क्रमांकही उपलब्ध आहे.

मोठी योजना घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. घरात माणसे वाढली, दुकानाची दुसरी शाखा निघाली, मोजणीत तारेवरचा पूर्ण वेगही खरोखर अपुरा ठरला, तर ती अवश्य घ्यावी. पण कोठारातील गळती न शोधता नवे धान्य भरत राहणे हे कोणत्याही पेढीच्या रिवाजात बसत नाही. तारीख, वेळ, जागा आणि वेग अशा चार रकान्यांची एक छोटी वही राउटरशेजारी टांगून ठेवली, तर महिनाभरात ती सांगेल की पैसे खर्च करण्याची गरज आहे, की फक्त पेटी मीटरच्या फळीखालून उचलून चौकात आणण्याची.